उशाशी दीडशे पुस्तकं

बेडरूमचा मेकओव्हर हा हल्ली सगळ्यांचाच आवडता टाइमपास झालाय. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घ्यावा, तर त्यात कुणीतरी स्वतःची झोपायची खोली दाखवत असतं! त्यात सध्या सॉलिड डिमांड आहे ती बुककेस हेडबोर्डला. म्हणजे पलंगाच्या उशाकडची साधी फळी काढायची आणि तिथे पुस्तकांचं शेल्फच उभं करायचं. फोटोत ते झक्कास दिसतं. बारा-पंधरा पुस्तकं, तीसुद्धा रंग जुळवून लावलेली, मध्ये एक कुंडी, एक मेणबत्ती. पुस्तकांमध्ये पेटती मेणबत्ती ठेवणाऱ्यांनी पुस्तकं वाचलेली असतात का, अशी शंका मला नेहमी येते. असो.

माझ्याकडे पुस्तकं बारा नव्हती, सहाशेच्या वर होती. आणि त्या हेडबोर्डखाली झोपणार होती माझी चौसष्ट वर्षांची आई.

सांगते. वाईतलं आमचं घर म्हणजे चार भावंडांच्या नावावरचा जुना वाडा. तो पाडून तिथे इमारत उभी राहायचं ठरलं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई एकटीच राहत होती आणि आता तिथून निघणं भाग होतं. ती पुण्याला आमच्याकडे येणार हे सगळ्यांनी ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे तिच्याशिवाय सगळ्यांनी. तिने फक्त एवढंच विचारलं, "आणि ह्यांची पुस्तकं?"

आमचा फ्लॅट कर्वेनगरला. वन बीएचके, भाड्याचा, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवरचा. मी फ्रीलान्स पत्रकार, म्हणजे माझं ऑफिस डायनिंग टेबलवर. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडीत आणि आठवड्यातले दोन दिवस त्याच डायनिंग टेबलच्या दुसऱ्या टोकाला. अशा घरात सहाशे पुस्तकं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३०च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, ते आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून. पुस्तकांसाठी घर! आमच्याकडे उलटा मामला. घर आधीच ठरलेलं, तेही दुसऱ्याचं.

बेडरूम आईला द्यायची आणि आपण हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपायचं, हे आम्ही दोघांनी पक्कं केलं. आईचा त्यावर फोनवर वाद. "मी हॉलमध्ये पडेन, मला काय लागतं!" हे वाक्य प्रत्येक मराठी आईला जन्मतःच पाठ असावं. पण सदतीस वर्षं स्वतःच्या घराची मालकीण असलेल्या बाईला पाहुण्यासारखं दिवाणावर झोपवायचं नव्हतं. तिला दार लावून घेता येईल अशी खोली हवी होती. आणि त्या खोलीत तिच्या ओळखीचं काहीतरी.

पायथ्याशी नको, डोक्यावरही नको

मास कॉमला असताना पहिल्याच आठवड्यात आम्हाला पाच प्रश्न घोकायला लावले होते: कोण, काय, कधी, कुठे, का. फर्निचर घेताना मात्र आपण 'काय' आणि 'केवढ्याला' याच्या पुढे जात नाही. मी 'कोण'पासून सुरुवात केली आणि निम्मं डिझाइन तिथेच झालं.

खोली दहा बाय अकरा फूट. पश्चिमेला खिडकी, पूर्वेला दार, उत्तरेला घरमालकांचं दोन फूट खोल कपाट. पुस्तकांसाठी मोकळी जागा दोनच ठिकाणी उरत होती. एक पलंगाच्या पायथ्याशी, कपाटाला लागून. दुसरी दक्षिणेच्या भिंतीला, पलंगाच्या उशाशी. पायथ्याचं नाव काढताच आई म्हणाली, "पुस्तकांकडे पाय करून झोपायचं? सरस्वती आहे ती." संपला विषय. उरली दक्षिणेची भिंत. दक्षिणेला डोकं, उत्तरेला पाय, म्हणजे तिच्या हिशेबात तेही बरोबर. वास्तुशास्त्राचं सर्टिफिकेट फुकटात मिळालं म्हणून मी खूश!

मग मोबाइलवरचे चार फोटो तिला पाठवले. पलंगाच्या वर कमान केल्यासारखी पुस्तकं, छतापर्यंत. दोन मिनिटांत फोन. "डोक्यावर एवढं वजन घेऊन मी झोपणार नाही."

मला वाटलं, हा तिचा नेहमीचा नकार. पण तसं नव्हतं. आईचं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आजीच्या उशाच्या वर भिंतीत एक फळी होती, तिच्यावर पितळी डबे. आजी पहाटेच उठून चुलीपाशी गेली होती. डबे तिच्या उशीवर पडले. आईला भूकंपाचा आवाज आठवत नाही, घरातली रडारड आठवत नाही, पण चेपलेली उशी आठवते. ही गोष्ट तिने मला अठ्ठावीस वर्षांत कधी सांगितली नव्हती. एका हेडबोर्डमुळे कळली.

तेव्हा पहिला नियम पक्का झाला. डोक्याच्या वर काही नाही. उशाशी जे असेल ते चार फुटांच्या आत, आणि कलंडणार नाही असं.

इथे सगळ्यांसाठी एक सूचना. पुस्तकांचं कपाट उंच असो वा बुटकं, ते भिंतीला पकडून ठेवावं. पलंगाच्या डोक्याशी असेल तर हवंच. पण आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट कलम होतं, भिंतीला भोकं पाडायची नाहीत. आम्ही घरमालकांना विचारलं. ते संध्याकाळी स्वतः आले, भिंतीकडे बराच वेळ पाहिलं, भिंतीवर दोनदा टकटक केली. "भोकं नकोतच," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आई येणार आहेत ना? बरं, दोन. दोनच. पुस्तकांमागे लपतील अशी. आणि जाताना भरून द्यायची." पुण्यात याहून मोठं मन मी तरी पाहिलेलं नाही.

आधी माप, मग स्वप्न

आमचा पलंग पाच बाय साडेसहा फुटांचा, बिनउशाचा, खाली सामानाची पेटी असलेला. साडेसहा फूट म्हणजे ७८ इंच. खोलीची लांबी १३२ इंच. त्यातून कपाटाचे २४ गेले, पलंगाचे ७८ गेले, उरले ३०. यात शेल्फची खोली आणि कपाटापुढे उभं राहायची जागा, दोन्ही भागवायचं. रेडिमेड शेल्फ साधारण फूटभर खोल येतात. तसं घेतलं असतं तर आईला कपाटापुढे तिरकं उभं राहावं लागलं असतं.

पण मराठी पुस्तकाला फूटभर खोली लागते कुठे? आपल्या बहुतेक कथा-कादंबऱ्या डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. आठ इंच खोल शेल्फ त्यांना रग्गड झालं. आठ इंच शेल्फ, भिंतीपासून एक इंच अंतर (पावसाळ्यात भिंत दमट होते, पुस्तकं आणि भिंत यांच्यात हवा खेळायला हवी), तरी चालायला एकवीस इंच उरले. कपाटाची दारं सरकती आहेत म्हणून हे जमलं. उघडणारी असती तर नसतं जमलं.

उंचीचा हिशेब असा. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत वीस इंच. हा भाग गादीमागे लपतो, तिथे हात पोचत नाही. म्हणून तिथे फळ्या न घालता नुसता सांगाडा ठेवला आणि प्लगपॉइंटसाठी जागा सोडली. त्याच्या वर अठरा इंच सपाट फळी, टेकून बसायला. तिच्या वर दहा इंचांची पुस्तकांची एकच ओळ. बेरीज अठ्ठेचाळीस इंच, बरोबर चार फूट. आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट रुंदीचे, तेवढ्याच उंचीचे खांबासारखे शेल्फ. ते अकरा इंच खोल, कारण पलंगाच्या बाजूला खोलीचा प्रश्न नव्हता.

टेकायला फोमची गादी शिवून घ्यायचा विचार होता. आई म्हणाली, "वाईच्या बैठकीतले तक्के आहेत की." ते जाड तक्के पाठीशी घेतले की माणूस आपोआप पुढे बसतो आणि डोकं फळीला लागत नाही. कुठल्याही रीलमध्ये ही आयडिया मला दिसलेली नाही!

भांडणांची यादी

खरं काम वाईला होतं. सहाशेतून दीडशे निवडायची.

बाबा पोस्टात होते. पगार बेताचा आणि पुस्तकांची हौस बेताची नाही. वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. बाबांना या गोष्टीचा असा अभिमान, जणू नोंदी त्यांनीच तपासल्यात. त्यांच्याकडे त्याचे नऊ खंड होते. बाकी कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, चरित्रं, आणि दिवाळी अंकांच्या थप्प्या.

आई वाचत नाही. म्हणजे पेपर वाचते, कालनिर्णयची मागची बाजू वाचते, पण पुस्तक घेऊन बसलेली मी तिला पाहिलेली नाही. २०१७ साली पाचगणीजवळचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं तेव्हा बाबा तिला हौसेने एसटीने घेऊन गेले होते. तिथे लोकांच्या राहत्या घरात पुस्तकं मांडलेली, आणि पर्यटक येऊन वाचत बसलेले. घरी येऊन आईचं मत, "आपल्याकडे इतकी वर्षं हेच आहे, पण गाडी करून कुणी आलं नाही."

त्यामुळे मी ठरवून गेले होते की निवड मी करणार. चांगले लेखक, चांगल्या आवृत्त्या. मी एकेक पुस्तक काढून दोन ढीग लावायला लागले. आई दारात उभी राहून बघत होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "ते हिरवं कुठे टाकलंस? वरून तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथं."

इतकी वर्षं रोज झटकलेली पुस्तकं. तिला त्यांची नावं ठाऊक नव्हती, पत्ते ठाऊक होते.

ते हिरवं पुस्तक म्हणजे एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. आत बाबांच्या अक्षरात तारीख, गाव आणि किंमत. मार्च १९८९, सातारा, पंचेचाळीस रुपये. "यांनी हे आणलं आणि माझा मिक्सर सहा महिने पुढे गेला," आई म्हणाली. "आठ दिवस मी पाट्यावर मुद्दाम आवाज करत वाटत होते." मग तिने एक कवितेचं पातळ पुस्तक काढलं. बाबा पुण्याला तिच्या डोहाळजेवणाची हिरवी साडी आणायला गेले, अप्पा बळवंत चौकात रेंगाळले, शेवटची एसटी चुकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवले. साडी आणि हे पुस्तक घेऊन. रात्रभर ती पायरीवर बसून होती. डोहाळजेवण माझं होतं, म्हणजे माझ्या वेळचं. तो किस्सा मी बाबांकडून विनोद म्हणून ऐकला होता. आई सांगताना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

मग पाककृतींचं एक पुस्तक. कोरं करकरीत, एकाही पानावर हळदीचा डाग नाही. बाबांनी तिच्या वाढदिवसाला दिलं होतं. "म्हणजे माझा स्वयंपाक यांना आवडत नव्हता की काय! तीन दिवस बोलले नाही." तेही तिने घ्यायच्या ढिगात ठेवलं.

मी माझे दोन ढीग एकत्र केले आणि बाजूला बसले. त्यानंतर निवड तिनेच केली, दोन दिवस. माझ्या चांगल्या आवृत्त्या बऱ्याचशा मागे राहिल्या. एकीत मात्र मी हट्ट केला, बाबांच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली चरित्रं. ती तिने काही न बोलता पुढे सरकवली.

विश्वकोशावरून थोडी गंमत झाली. नवरा फोनवर म्हणाला, "आई, सगळा विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट आहे." आई म्हणाली, "असू दे हो. तळाला ठेवा, वजनाला बरे आहेत." शास्त्रीबोवांच्या एवढ्या कष्टांचा हा उपयोग! पण इंजिनीअरिंगच्या दृष्टीने ती अगदी बरोबर होती. जड ते खाली ठेवलं की कपाट कलंडत नाही.

दोनेकशे पुस्तकं गावातल्या वाचनालयाने घेतली. काहींना कसर लागली होती, ती गेली. बाकीची दोन ट्रंकांत भरून मावशीच्या माळ्यावर चढवली.

प्लायवूडचा फंडा

प्लायवूड घ्यायला आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. आठ बाय चारची शीट येते. दुकानदार तुम्हाला आधी मरीन दाखवेल, कारण ते महाग. कोरड्या बेडरूममधल्या शेल्फला मरीनची गरज नाही. ते स्वयंपाकघराच्या सिंकखाली ठीक. ज्याला बाजारात 'कमर्शियल' म्हणतात ते एमआर ग्रेडचं अठरा मिलिमीटर प्लाय पुरतं. पैसे वाचवायचेच तर इथे वाचवा, जाडीत नको.

जाडी आणि लांबी यांचं गणित सांगते, कारण हे कळलं की निम्मी फसगत टळते. डेमी पुस्तकांची एक फूट ओळ मी सामानाच्या काट्यावर तोलली. सात किलोच्या आसपास भरली. फळी लांब केली की वजन तर वाढतंच, पण वाक त्याहून कितीतरी जास्त वाढतो. दुप्पट लांबीच्या फळीवर तशीच दाटीने पुस्तकं भरली तर मधला झोल सोळापट होतो. सोळापट! म्हणून पाच फुटांची सलग फळी सुंदर दिसते आणि वर्षभरात दोरीसारखी लोंबते. आम्ही मध्ये दोन उभे आधार देऊन तिचे एकोणीस-एकोणीस इंचांचे तीन कप्पे केले.

कटिंग दुकानातच मशीनवर करून मिळतं. तेच करावं, हातकरवतीने घरी सरळ काप येत नाही. फक्त लक्षात ठेवा, मशीनचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर लाकूड खातं. चार फुटांत आठ इंचांच्या सहा पट्ट्या कागदावर बसतात. हातात पाच पूर्ण येतात आणि सहावी जेमतेम सव्वासात इंचांची. आणि पट्ट्या शीटच्या लांबीने कापून घ्या, कारण वरच्या थराच्या रेषा सहसा लांबीतच असतात आणि फळी त्या दिशेने जास्त वजन पेलते. आम्हाला अठरा मिलिमीटरच्या दोन शीट लागल्या, पुढच्या-मागच्या पाट्यांसाठी सहा मिलिमीटरची एक. स्क्रू, अँगल आणि रंग रविवार पेठेत बोहरी आळीतून. सगळं मिळून बारा हजारांच्या आत भागलं.

जोडणीला एक रविवार आणि दोन संध्याकाळी गेल्या. ड्रिल मशीन शेजाऱ्यांचं. फेव्हिकॉल लावायचा, आधी बारीक बिटने भोक पाडायचं, मग दोन इंची स्क्रू. भोक न पाडता स्क्रू मारला तर प्लायची कड फुगते आणि थर सुटतात. चौकट काटकोनात आहे का हे बघायला महागडं काही लागत नाही. टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले की झालं. आणि मागची पाटी कधीही गाळू नका. पातळ असली तरी तीच सगळा डोलारा ताठ ठेवते. पाठ नसलेलं शेल्फ पत्त्यांच्या बंगल्यासारखं एका कुशीवर झुकतं.

पुस्तकं पुढे घसरू नयेत म्हणून प्रत्येक फळीला इंचभर उंचीची पट्टी. वरून दोन अँगल भिंतीला (घरमालकांनी मंजूर केलेली हीच ती दोन भोकं), खालून दोन बोल्ट थेट पलंगाच्या लाकडात. सामानाने भरलेल्या पलंगाला धरून ठेवलेलं शेल्फ सहजासहजी हलत नाही. मी त्यावर माझं सगळं वजन टाकून बघितलं, मग नवऱ्याला टाकायला लावलं.

एक गोष्ट सजावटीच्या पानांवर कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. प्लायवूडचे थर ज्या गोंदाने चिकटवतात त्यात फॉर्मल्डिहाइड असतं आणि नवीन प्लायमधून त्याचा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. नाक चुरचुरतं, डोळे झोंबतात. हॉलमधल्या टीव्ही युनिटचं एक वेळ चालून जाईल. पण हे आपल्या नाकापासून हातभर अंतरावर, रात्रभर! दुकानात ई-झिरो किंवा ई-वन असं लिहिलेलं प्लाय मागा, त्यातून हा वायू कमी निघतो. कापलेल्या कडांमधून तो जास्त येतो, म्हणून कडांना आधी प्रायमर द्या, मग बाकी रंग. आम्ही रंगवलेलं शेल्फ दहा दिवस खिडक्या उघड्या टाकून तसंच ठेवलं आणि आईचं येणं तेवढं पुढे ढकललं. रंग तिनेच फोनवर सांगितला होता, पिस्ता. "पांढरा नको, दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं."

ज्यांना दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी उशाशी उघडी पुस्तकं ठेवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कितीही झटकली तरी जुन्या कागदाची धूळ असतेच. आईला तसा त्रास नाही, शिंका मात्र येतात. त्यावर उपाय तिचाच. जुन्या सुती साडीचा पडदा, दोन बाजूंना हूक आणि मध्ये पडद्याची स्प्रिंग. दहा मिनिटांत काम फत्ते. प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडीही तिनेच ठेवली. पोथ्यांना कसर लागू नये म्हणून तिच्या सासूबाई ठेवायच्या तशी.

एवढा खटाटोप ज्यांना नको, त्यांनी पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन बुटके शेल्फ उभे करून मध्ये एक फळी टाकावी. भागतं. लोखंडी अँगलचा रॅक कमी उंचीचा करून घेतला तर तो सर्वांत स्वस्त आणि मजबूत, फक्त दिसतो गोडाउनसारखा, त्यावर पडदा हवाच. सफरचंदाच्या खोक्यांचा हेडबोर्ड मात्र फोटोपुरताच. कुसळं आणि खिळे. डोकं आपलं आहे!

आई येऊन आता पाच महिने झाले. पहिल्या दिवशी तिने पुस्तकं मी लावली होती ती सगळी खाली काढली आणि वाईच्या क्रमाने पुन्हा लावली. हिरवी कादंबरी डावीकडून चौथी. मधला कप्पा रिकामा करून घेतला. तिथे आता बीपीच्या गोळ्या, चष्मा, टॉर्च, अमृतांजन, पाण्याचं तांब्या-भांडं आणि जपाची माळ. तांब्या पुस्तकांशेजारी नको म्हणून मी दोनदा बोलून पाहिलं. मग कप्प्यात स्टीलची ताटली ठेवली आणि विषय सोडला. पिवळ्या उजेडाचा एक छोटा दिवा फळीला चिमटा लावून अडकवलाय. त्याचं बटण हाताशी आहे, अंधारात उठावं लागत नाही.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस तिला झोप लागत नव्हती. आम्हाला हॉलमधून दाराखालची पिवळी रेघ दिसायची. आत गेलं की ती तक्क्याला टेकून बसलेली असायची. वाचत नसायची. एखादं पुस्तक काढून पहिल्या पानावरची तारीख बघायची आणि परत ठेवायची. मध्ये एकदा विचारलं, "एकोणनव्वदचा मार्च म्हणजे तुझ्या दादाच्या वेळचा ना गं?" मी म्हटलं, मी तेव्हा जन्मले कुठे होते! त्यावर ती बराच वेळ काहीतरी मोजत बसली.

आता रेघ साडेदहाला विझते. दुपारी खालच्या मजल्यावरच्या दोन काकू येतात. त्यातल्या एकींनी पाककृतींचं ते कोरं पुस्तक वाचायला मागितलं. आईने दिलं नाही. झेरॉक्स काढून देते म्हणाली.

डावीकडच्या खांबातला एक कप्पा अजून अर्धा रिकामा आहे. पुढच्या महिन्यात वाईला जायचंय, तेव्हा मावशीच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडायच्यात. आईने आधीच सांगून ठेवलंय की त्यात एक निळ्या पुठ्ठ्याचं प्रवासवर्णन आहे, फ्रिजच्या वेळचं. आकार डेमीपेक्षा मोठा आहे म्हणे. मी टेप घेऊन जाणार आहे.